करवंटीतले गणंग

बीवाले दारात आले तेव्हा सासूबाई त्यांचं बियाणं शिजवत होत्या.

नाक्यावर आदल्या दिवशी गोळीबार झाला होता. संचारबंदी होती. मधे थोडा वेळ सूट मिळाली, तेवढ्यात हा माणूस कॉटन ग्रीनच्या तेलगिरणीतून गोदामांच्या भिंती धरून परळपर्यंत चालत आला होता. सदऱ्याची बाही फाटलेली, चष्म्याची एक काच गेलेली, डोळे अश्रुधुराने लाल. दुसऱ्या कोणी आधी पाणी मागितलं असतं. ह्यांनी दारातच नाक वर करून वास घेतला. सोयाबीन शिजताना चवळीसारखा किंवा वाटाण्यासारखा वास येत नाही. कच्च्या शेंगेचा, मातकट, जरा तेलकट असा येतो. तो वास त्यांना लगेच कळला.

"कोणत्या डब्यातलं?" त्यांनी विचारलं.

"चांगल्या," सासूबाई पातेल्यात पळी फिरवत म्हणाल्या. "घरात पावणी आसा. पावण्यांका तरंगलेला कोण वाढता?"

बीवाले चौकटीला पाठ लावून हळूहळू खाली सरकले आणि उंबऱ्यावर बसले. ओरडले नाहीत, रडले नाहीत. सात-आठ वर्षं खपून त्यांनी जे वाण तयार केलं होतं त्याचं सगळं बी त्या एका डब्यात होतं. दुसरीकडे कुठे मूठभरही नव्हतं. मृगाला ते नागपूरकडे नेऊन मित्राच्या शेतात पेरायचं ठरलं होतं. गच्चीवर डब्याच्या कुंडीत वाढलेलं झाड खऱ्या शेतात काय करतं, ते पाहायचं होतं. आणि ते आता आमच्या भुशाच्या शेगडीवर रटरटत होतं.

त्यांना बीवाले हे नाव चाळीने दिलं. खरं नाव भाड्याच्या पावतीवर होतं, ते कोणी वाचत नसे. दूधवाल्या भय्याला ते 'बीवीवाले' असं ऐकू यायचं. तो रोज विचारायचा, "बाबूजी, बीवी किधर है?" ह्यांचं लग्न झालेलं नव्हतं. ते अगदी गंभीरपणे सांगत, "डब्बे में." भय्याने पुढेपुढे विचारणं सोडलं.

माणूस नागपूरकडचा. "काय करून राहिली?" "पाहून राहिलो," असलं बोलणं. आमची सगळी चाळ कोकणातली, त्यामुळे त्यांचं बोलणं म्हणजे पोरांना फुकटचा तमाशा. शेतकीचं शिकलेले होते. तिकडे एका सरकारी शेतावर बियाणांचं काम करत होते. तिथल्या साहेबाला सोयाबीनमधून तेल हवं होतं आणि ह्यांना प्रथिन. भांडण झालं. राजीनामा फेकून मुंबईत आले आणि नोकरी कुठे मिळाली, तर तेलगिरणीत. कोणत्या मालात तेल किती आहे ते काढून सांगायचं. लोक हसले तर म्हणायचे, "दिवसभर तेल मोजतो म्हणून तर कळते, तेल किती जागा खाते."

ही जागेची गोष्ट त्यांनी मला समजावली होती. मी चौथी पास. प्रथिन हा शब्दच मला नवा होता.

"डाळीत असते ते. अंगाला धरते ते," ते म्हणाले. "तुमची खोली केवढी, सूनबाई?" सासूबाई मला सूनबाई म्हणत, म्हणून तेही म्हणत.

"दहा बाय दहा."

"गावचा पाहुणा आला की काय करता?"

"आमचे हे गॅलरीत झोपतात."

"झालं. दाणा म्हणजे तुमची खोली. प्रथिन राहायला आलं की तेलाने गॅलरीत जायचं. तेल आलं की प्रथिनाने. भिंती काही हलत नाहीत."

"मग दाणेच जास्त लागले तर? खोल्या वाढल्या तर सगळे मावतील."

ह्यावर ते एवढे खूश झाले की गॅलरीच्या कठड्यावर त्यांनी थाप मारली. "तिथंच तर मेख आहे! प्रथिन झाडाला महाग पडते. ते म्हणजे मटणाचं जेवण. भाताच्या पंगतीला कितीही पानं मांडा. मटणाच्या पंगतीला मांडाल का? म्हणून प्रथिन वाढलं की शेंगा कमी. शेतकरी म्हणतो, मला पोतं भरायचं आहे, तुझं मटण घाल चुलीत. त्याचंही खरं आहे. मला मटणही पाहिजे आणि पंगतही मोठी पाहिजे."

"मग यजमानिणीचं दिवाळं."

"हजारात एखादी यजमानीण अशी निघते, जिचं दिवाळं निघत नाही. तिला शोधून राहिलो."

लग्न न केलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य ऐकून मी पदर तोंडाला लावून हसले. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. विनोद त्यांना कळत नसे, स्वतःचासुद्धा.

चाळीच्या गच्चीवर त्यांचे डबे असायचे. वनस्पती तुपाचे रिकामे डबे, सगळे एकाच मापाचे. माती एकाच ठिकाणची, एकाच चाळणीने चाळलेली. पाणी प्रत्येकाला एकाच पितळी पेल्याने. रोज सकाळी कामावर जायच्या आधी प्रत्येक डबा एक जागा पुढे सरकवायचे, म्हणजे ऊन आणि भिंतीची सावली सगळ्यांच्या वाट्याला सारखी. पावसात सगळा माणूस भिजून चिंब व्हायचा, पण डब्यांचा फेर चुकायचा नाही. खालून लोक म्हणायचे, "बीवाल्यांची मंगळागौर चालू झाली."

पहिल्या माळ्यावरच्या एका काकूंना एका मरतुकड्या रोपाची दया आली. त्या गुपचूप त्याला मासे धुतलेलं पाणी घालू लागल्या. रोप असं काही फोफावलं की डोळ्यांत भरावं. बीवाल्यांनी ते पाहिलं, पानं हुंगली आणि मुळासकट उपटून टाकलं. काकू धावत वर गेल्या.

"अहो, सोन्यासारखं झाड! कसाई आहात का?"

"लाड केलेलं झाड खोटं बोलते," बीवाले म्हणाले. "ह्याच्यात रक्तातलं किती आणि बांगड्याच्या पाण्याचं किती, मला कसं कळावं? सगळ्यांना सारखं वाढायचं आणि मग कोण कसं होते ते पाहायचं."

"पोरं असती तर काय केलं असतंत?"

"तेच."

काकूंनी महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. माझ्या सासूबाईंनी मात्र त्या दिवशी निकाल दिला, "गणंग मेलो."

कडधान्य भिजत घातलं की त्यातले काही दाणे कितीही वेळ ठेवा, फुगत नाहीत. शिजवा, शिजत नाहीत. दाताखाली आला तर खडा. त्याला गणंग म्हणतात. तसल्या माणसालाही म्हणतात. सासूबाई ज्याला गणंग म्हणत त्याच्याकडे कामाचं काही नाही असं त्यांचं मत असे, आणि त्यांचं मत बदलत नसे. म्हणजे त्याही त्यातल्याच.

मी त्या कामात शिरले ती अबोलीमुळे. दुपारी गॅलरीत बसून मी अबोलीची फुलं गुंफून वळेसर करत होते. बीवाले रविवारचे घरी होते. माझ्या बोटांकडे बराच वेळ बघत उभे राहिले. चाळीत कोणी बाईकडे असं बघत उभं राहिलं तर मार खाईल. हे सरळ घरात शिरून सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईची बोटं मला द्या."

सासूबाईंच्या हातात लाटणं होतं, ते तिथेच थांबलं.

मग त्यांनी समजावलं. सोयाबीनचं फूल तांदळाच्या दाण्याएवढं. त्याचं लग्न फूल उमलायच्या आधी, घरातल्या घरात लागून जातं. दोन वेगळ्या झाडांचं लग्न लावायचं तर कळी असतानाच ती उघडायची, आतले पराग चिमट्याने काढून टाकायचे आणि दुसऱ्या झाडाचे आणून लावायचे. त्यांची बोटं जाड होती, कळ्या मोडायच्या. माझ्यासाठी त्यांनी गिरगावातल्या एका घड्याळजीकडून बारीक चिमटा आणला. सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा झाला, नवरा गिरणीत गेला, की मी गच्चीवर.

"वर काय करतंस गो?" चाळीतल्या बायका विचारायच्या.

"लग्नं लावते," मी सांगायची.

आई पांढऱ्या फुलाची आणि बाप जांभळ्या फुलाचा, असं ते मुद्दाम निवडत. जांभळा रंग जोरदार असतो. लग्न खरंच लागलं असेल तर लेकराला जांभळं फूल येतं. पांढरं आलं तर समजायचं, आपण चिमटा लावायच्या आधीच आत काम उरकलं होतं. पहिल्या वर्षी मी केलेलं एकूण एक पांढरं आलं. मी म्हटलं, माझ्याच्याने होणार नाही. ते म्हणाले, "पुन्हा." चिडले नाहीत, धीरही दिला नाही. पुढच्या वर्षी एका डब्यात जांभळं फूल दिसलं. त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. लालबागेतून पेढे आणून घरोघर वाटले. लोकांना वाटलं, लग्न ठरलं.

जांभळ्याच्या पोटी पुढच्या पिढीत पुन्हा काही पांढरी निघाली, हे चाळीला समजायला काही अवघड गेलं नाही. आमच्याकडे आजीचं नाक बाप सोडून नातीला येतं. पण प्रथिनाचं तसं नव्हतं. "फुलाचा रंग एकाच्या हुकमाने ठरतो," ते म्हणायचे. "प्रथिन म्हणजे चाळ कमिटी आहे. पन्नास जण थोडं थोडं ठरवतात आणि वरून हवापाणी बोलते." म्हणून त्यांना दर पिढीत निवडावं लागे आणि म्हणून वर्षं लागत.

निवडायचे कसे, तर गुळाच्या पाण्याने. गूळ विरघळवून दाट पाणी करायचं आणि सुकलेले दाणे त्यात सोडायचे. तेल हलकं, प्रथिन जड. तेलाचे दाणे तरंगतात, प्रथिनाचे बुडतात. बुडालेले लगेच धुऊन, पुसून, सुकवून ठेवायचे. गिरणीतल्या यंत्रावर मधूनमधून ताडून पाहायचे, उत्तर जमायचं. शेजारी म्हणायचे, माणसाला चहात गूळ मिळत नाही आणि हा बियांना आंघोळ घालतो. तरंगलेले दाणे ते सासूबाईंना आणून देत. दर वेळी तेच वाक्य, "तरंगलेले तुमचे, बुडालेले माझे. बुडालेले चांगले." सासूबाई तरंगलेल्यांची उसळ करत आणि नाक मुरडत. आमच्याकडे कडधान्य धुताना तरंगेल ते किडकं, फेकायचं. हा माणूस नेमकं तेच त्यांना आणून देई.

ठेवायचा प्रश्न होता. मुंबईच्या दमट हवेत सोयाबीनचं बी वर्षभरात मरतं, मागच्या सालचं पेरायला उरत नाही. त्यांची खोली वरच्या माळ्यावर, पावसात गळणारी. म्हणून बुडालेल्यांचा डबा आमच्या घरी असायचा, शेगडीच्या वरच्या फळीवर, धुराच्या वाटेत, आतलं बी राखेत घोळवलेलं. गावी आम्ही वाल, कुळीथ असेच ठेवतो, खायचेही आणि पेरायचेही. त्याच्या शेजारी तरंगलेल्यांचा डबा. एकावर त्यांनी 'बु' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'त'. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, पण कुठला कुठला ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेच नडलं.

त्या दिवसांत चाळीत रोज सभा. संयुक्त महाराष्ट्राशिवाय दुसरा विषय नव्हता. एकदा कमिटीच्या माणसाने बीवाल्यांना हटकलं, "तुमच्या नागपूरकडचे वेगळं मागतायत म्हणे. तुम्ही कुठले?"

"मी दरवर्षी दोन झाडं एक करून राहिलो. मला काय विचारता?"

"म्हणजे आमच्या बाजूचे!"

"बाजूचाच आहे. पण सांगून ठेवतो. एक केलं म्हणजे दोघांचं चांगलंच एका ठिकाणी येते असं नाही बाप्पा. दोघांचं वाईटही येते. खरं काम नंतरच. सात-आठ पिढ्या निवडत बसावं लागते."

लोकांना हे आवडलं नाही. घोषणा देणाऱ्यांना सात-आठ पिढ्या सांगून चालत नाही. तरी मोर्चाला मात्र हा माणूस जायचा. घोषणा देत नसे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "मोजायला एक डोकं वाढते ना."

संक्रांत नुकतीच झाली होती. एका सकाळी लोक रस्त्यावर उतरले आणि दुपारी गोळ्या सुटल्या. माझा नवरा गिरणीतच अडकला, बीवाले तेलगिरणीत. घरात मी, सासूबाई आणि मुलं. आमच्या जिन्यात एक बाई येऊन बसली होती. दिवस भरत आलेले. परळच्या इस्पितळात दाखवायला आली होती, बरोबरचा भाऊ धावाधावीत चुकला. सासूबाईंनी तिला हाताला धरून आत घेतलं. जात विचारली नाही. एरवी विचारली असती. सकाळी तिने आपणहून सांगितलं, वरळीच्या बीडीडी चाळीतली, आणि पुढे वस्तीचं नाव सांगितलं. सासूबाईंना कळायचं ते कळलं. ती बाई खाली बघू लागली. मग सासूबाई म्हणाल्या, "पावणी ती पावणी," आणि तिला चहा आपल्या कपातून दिला.

रेशनचं दुकान बंद, भाजी नाही, मासे नाहीत. पिठाचा डबा खरवडून झाला होता. आदल्या संध्याकाळीच, मी खाली नळावर पाण्यासाठी रांगेत असताना, सासूबाईंनी फळीवरचा डबा काढून दाणे भिजत घातले. तांदूळ होते थोडे. भात आणि उसळ. दोन डब्यांत निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी विचार केला आणि चांगला डबा घेतला. दिवस भरलेली पाहुणी, तिच्या पानात तरंगलेले घालायचे? ते त्यांच्या हातून झालं नसतं. बीवाले बी म्हणून चांगलं म्हणत होते आणि सासूबाई अन्न म्हणून. शब्द एकच. पातेलं शेगडीवर चढेपर्यंत मलाही पत्ता नव्हता. मी डब्याकडे पाहिलं, तो रिकामा होता, तळाला नुसती राख. मी म्हटलं, "आये, काय केलात ह्या?" त्या म्हणाल्या, "रांदलंय."

आणि थोड्या वेळाने बीवाले दारात.

सासूबाईंनी पानं घेतली. बीवाल्यांसमोर उंबऱ्यावरच ताट ठेवलं. मला वाटलं, लाथाडतील. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग भिंतीला टेकून बसलेल्या त्या बाईकडे पाहिलं. ती खाली मान घालून जेवत होती, भूक लागलेलं माणूस जेवतं तसं. बीवाल्यांनी उसळ खाल्ली. सावकाश, एक एक दाणा चावून. सगळी संपवली.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"मीठ नाय घरात," सासूबाई म्हणाल्या. "वाढू?"

"वाढा."

दुसऱ्यांदा वाढून घेतली. मी आजवर पुष्कळ माणसं पाहिली. एवढं ताठ बसून जेवणारा माणूस पाहिला नाही.

राग आला तो सासूबाईंनाच. हा माणूस ओरडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, उलट ओरडता आलं असतं. हा काही बोलेना म्हणून त्याच भडकल्या.

"बी बी करतंत नुसते! तुमच्या त्या बियांत गणंगच भारी. रातभर भिजवलंय, तरी मेले फुगाक नाय. येचून येचून माझे डोळे गेले. पावणीच्या दाताखाली इलो असतो तर?"

बीवाल्यांचा घास तोंडात राहिला. "वेचले?"

"मगे काय खडे वाढू?"

"कुठं आहेत?"

सासूबाईंनी काही फेकलेलं नव्हतं. आमच्या घरात काही फेकलं जात नसे. दुसऱ्यांदा भिजवून बघायचे म्हणून मोरीजवळ एका करवंटीत ठेवले होते. बीवाले तिकडे गेले ते रांगतच गेले म्हणावं लागेल. करवंटीत मूठभर दाणे होते, कोरडे, पिवळे, टणक. त्यांनी एक दाणा दाताखाली धरून पाहिला आणि खदाखदा हसायला लागले. ती पाहुणी घाबरली. बाहेर शिपायांचे बूट वाजत होते. मी म्हटलं, "काका, हळू."

"निवड केली! तुमच्या सासूने निवड केली!" ते म्हणाले. "मऊ ते सगळे खाल्ले, हट्टी तेवढे ठेवले. आता सगळं वाणच गणंग झालं तर लोक मला जोड्याने मारतील. जे शिजत नाही ते कोण खाईल?"

आता प्रश्न असा होता. दाणे वाचले होते, पण गणंगपणा आला कुठून? रक्तातून आला असेल तर पुढची प्रत्येक पिढी तशीच निघणार आणि सात-आठ वर्षं पाण्यातच. शेगडीच्या धुराने आणि राखेने साल वाळून टणक झाली असेल तर पुढची पिढी बरी निघेल. बघून कळत नाही, चावून कळत नाही. पेरल्याशिवाय उत्तर नाही. मृगापर्यंत तो माणूस जिन्यात भेटला की एवढंच म्हणायचा, "रक्ताचा की धुराचा?" चाळीत पोरांनी तेवढंच उचललं. कोणी हट्टाला पेटलं की पोरं ओरडायची, "रक्ताचा की धुराचा?"

गणंग नुसता पेरला तर रुजत नाही, पाणीच आत जात नाही. साल एका बाजूने घासावी लागते, ती पण आतल्या कोंबाला धक्का न लावता. कानस वापरून पाहिली, एक दाणा फुटला. मग सासूबाईंनी देवाची सहाण पुढे केली. मागितली नव्हती कोणी. "हीवर घासा. चंदन उगाळतंत तसा," म्हणाल्या. माफी मागितली नाही त्यांनी, कधीच नाही. सहाण दिली. मी एकेक दाणा दोन बोटांत धरून उगाळला.

मूठभर दाण्यांसाठी मृगाला नागपूरला जायचं राहिलं. ते दाणे गच्चीवरच पेरले. उगवले. तीच माती, तोच पितळी पेला, तोच फेर. मासे धुतलेलं पाणी घेऊन कोणी वर येऊ नये म्हणून काकूंना बीवाल्यांनी स्वतः जाऊन हात जोडले. एका तरण्या झाडाला माव्याच्या किडीने धरलं, तेव्हा मी म्हटलं काहीतरी घालू या, तर नाही म्हणाले. ते मेलं. बाकीची शेंगांनी लगडली.

दसऱ्याच्या सुमारास दाणे वाळले. बीवाल्यांनी ह्या खेपेला ते धुरात ठेवले नाहीत. काही दाणे वाटीत घेऊन खाली आले आणि सासूबाईंच्या समोर पाण्यात टाकले. सकाळी सगळी चाळ आमच्या दारात. वाटीतला एकूण एक दाणा फुगून टम्म झाला होता. एकही गणंग नाही. गुळाच्या पाण्यात बाकीचे सोडले, ते खडे टाकल्यासारखे तळाला गेले.

"आये," बीवाले म्हणाले, "हट्ट तुमच्या धुराचा होता. रक्तातला नव्हता."

"मगे तुमचो हट्ट खयचो?" सासूबाईंनी विचारलं.

ते विचारात पडले. चेष्टा आहे हे त्यांना कळलंच नाही. "तो रक्तातलाच असावा," ते म्हणाले. "माझ्या बापालाही होता."

पुढच्या मृगाच्या आधी त्यांनी तेलगिरणी सोडली, बी कमरेला कापडात बांधलं आणि नागपूरला गेले. गच्चीवरचे डबे चाळीने वाटून घेतले. माझ्याकडच्या दोनांत मी तुळस आणि कढीपत्ता लावला. महाराष्ट्र झाल्यावर एकदा आले होते. मिठाई नाही, फुलं नाहीत, सासूबाईंसाठी मीठ आणलं होतं, मोठी पिशवी भरून. मी विचारलं, शेतात काय झालं. म्हणाले, "पंगत लहान झाली नाही." एवढं बोलून चहा प्याले. आता विदर्भात जिकडे तिकडे सोयाबीन आहे, ते त्यांचंच असं मी म्हणणार नाही. ते वाण बाहेरून आलेलं. ह्यांच्या बियाण्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. ते तिकडेच वारले, एवढं कळलं.

ती वरळीची बाई त्या संचारबंदीनंतर काही महिन्यांनी सासूबाईंनी तेव्हा नेसायला दिलेली साडी परत द्यायला आली होती. कडेवर मुलगी होती. बीवाले तेव्हा चाळीतच होते. त्यांनी मुलीचं नाव विचारलं नाही. दोन्ही हातांनी उचललं, अंदाज घेतला आणि म्हणाले, "जड आहे. बुडेल." ती बाई दचकली. मग मला तिला बसवून सगळं गुळाचं पाणी समजावून सांगावं लागलं.

त्या गोळीबारात आमच्या गल्लीतले दोघे गेले. आमच्या घरात त्या दिवशी उसळ खाल्ली ती सगळी माणसं वाचली. सासूबाई पुढे म्हातारपणाने गेल्या, बीवाले गेले, त्या बाईचा आणि मुलीचा ठावठिकाणा मला ठाऊक नाही. मी आहे.